ज्याला येत नाही, त्याच्या हातात माऊस : आमच्या संगणक खोलीच्या ताईंना पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मुलं तुम्हाला ताई म्हणायची, म्हणून वयाने मोठा असूनही मीही तेच म्हणतो. तुमच्या नोकरीत तुमची बदली झाली तेव्हा शाळेत निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, पण मनातलं सगळं त्या दोन मिनिटांत बोलून होण्यासारखं नव्हतं. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आमच्यासारख्या बऱ्याच शाळा आहेत आणि तिथे माझ्यासारखेच, संगणकाचा विषय अंगावर आलेले गणित-विज्ञानाचे शिक्षक आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

दिघ्यातल्या आमच्या शाळेला संगणक खोली आयसीटी या शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी योजनेतून मिळाली होती, ‘बूट’ पद्धतीने. म्हणजे कंपनीने खोली उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. मुदत संपली. यंत्रं आमच्याकडे राहिली, शिकवणारे निदेशक करार संपल्यावर गेले आणि विषय माझ्याकडे आला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय, ते योग्यच आहे. पण आमच्या खोलीत विंडोज सात सुरू होईपर्यंत निम्मी तासिका सरायची.

तुम्ही तुमच्या नोकरीतली रात्रपाळी संपवून शनिवारी सकाळच्या शाळेला मुलांना संगणक शिकवायला यायचात. दिघा गाव स्टेशन २०२४च्या जानेवारीत सुरू झालं. त्याआधी तुम्ही ऐरोलीला उतरून रिक्षाने यायचात. डोळ्यांत झोप असायची, पण मुलांसमोर आवाज कधी चढला नाही.

पहिल्याच शनिवारी तुम्ही तो नियम सांगितलात. एका यंत्रावर दोघं बसणार. ज्याला येतं त्याने बोलायचं, ज्याला येत नाही त्याच्या हातात माऊस. बोलणाऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. हाच नियम तुम्ही स्वतःलाही लावलात आणि मलाही. मूल अडलं की आपला हात आपसूक माऊसकडे जातो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहायचात. घरी मोबाइल मिळणारी मुलं झरझर पुढे जायची आणि ज्यांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर, अशा मुली नुसत्या बघत बसायच्या. हे चित्र त्या नियमाने बदललं. शिवाय ज्याला ‘येत होतं’ त्यालाही शब्दांत सांगताना कळायचं की आपल्याला फक्त कुठे दाबायचं ते ठाऊक आहे, का दाबायचं ते नाही.

विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकण्याआधीची एक गोष्ट मी आता दर वर्षी नव्या वर्गाला सांगतो. एका यंत्रावर कुठलीही वेबसाइट उघडली की ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असं यायचं. मुलं म्हणाली, नेट गेलं. तुम्ही विचारलंत, “मग शेजारच्या यंत्रावर कसं चालतंय?” कुणाकडे उत्तर नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, “स्क्रीनवर जे जे लिहिलंय ते सगळं मोठ्याने वाचा.” नववीतल्या एका मुलीने वरपासून खालपर्यंत वाचत नेलं आणि उजव्या कोपऱ्यात येऊन थांबली. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९. तिथून पुढचं मुलांनीच शोधलं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. यंत्राच्या लेखी अजून २००९ चालू असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटणार आणि यंत्र ते नाकारणार. तारीख का मागे गेली? कारण यंत्र बंद असताना घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा सेल संपला होता. विज्ञानाच्या खोलीतून मल्टिमीटर आला. तीन व्होल्टचा सेल अडीचच्याही खाली दाखवत होता. पुस्तकातला विभवांतराचा धडा त्या दिवशी मुलांनी स्वतः मोजून पाहिला. नवा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला.

नंतर माजी विद्यार्थ्यांनी एसएसडीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान साठवणीसाठी, पैसे दिले. कॅबिनेटचे स्क्रू मुलांनी काढले, जुन्या हार्ड डिस्क मुलांनीच बाहेर काढल्या आणि तुमच्या देखरेखीखाली लिनक्स मिंटही त्यांनीच टाकलं. तीच जुनी यंत्रं, दोन जीबी रॅमची, पण आता घंटा होते ना होते तोच कामाला लागतात.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तुम्ही थॉनीवर शिकवलीत. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला तो एडिटर एकेक पायरी थांबून कुठल्या नावात कुठली किंमत आहे ते दाखवतो. मला तुम्ही वेगळं शिकवलं नाहीत; मुलांच्या शेजारच्या स्टुलावर बसवलंत, आणि माऊस माझ्या हातात दिलात. मराठी माध्यमाच्या मुलांना कोडिंग जमेल का, हा प्रश्न आमच्या शिक्षक-कक्षात कितीदा तरी झाला होता. तुम्ही त्यावर भाषण केलं नाहीत. फळ्यावर ‘गुण’ नावाचं चल लिहिलंत आणि ते पायथॉनने जसंच्या तसं स्वीकारलं. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावरून एका मुलाने प्रोग्रॅमला उत्तर म्हणून देवनागरीत ४५ दिले, तेही पायथॉनने पंचेचाळीस म्हणून बेरजेत धरले. कोडच्या ओळीत मात्र देवनागरी अंक चालत नाहीत, तिथे चूक दाखवतो. असं का, यावर मुलं मधल्या सुट्टीतही भांडत होती.

आणि ते ‘रबाळे’, आपल्या जवळच्या गावाचं नाव! शब्दाची लांबी विचारली तर वर्ग म्हणाला तीन, पायथॉन म्हणाला पाच. शब्द उलटा करायला सांगितला तर ‘ळेबार’ येईल अशी सगळ्यांची खात्री होती, प्रत्यक्षात एकार सुटून पुढे येऊन बसला आणि अक्षरांची भलतीच मोडतोड झाली. मग तुम्ही युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, देवनागरीचा तक्ता उघडलात. र ला स्वतःचा क्रमांक २३५२, काना वेगळा, त्याचा २३६६, एकारही वेगळा. आपण एका दमात वाचतो ते अक्षर यंत्राकडे तुकड्यांत साठवलेलं असतं. पहिलीपासून बाराखडी म्हणत आलेल्या मुलांना ती अशी आतून दिसली. इतकी वर्षं शिकवतोय, वर्गाचे असे चेहरे मी क्वचित पाहिलेत.

‘क्लाउड म्हणजे कुठे?’ या प्रश्नाला तुम्ही मुलांना गच्चीवर नेलंत आणि रबाळे-महापेच्या दिशेच्या बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती दाखवल्यात. आत सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारे मोठे संगणक, ते थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेली तर डिझेल जनरेटर. आमच्या कितीतरी मुलांचे वडील या पट्ट्यातल्या एमआयडीसीत कामाला जातात. आपले फोटो अशाच इमारतींत साठवले जात असतील, हे त्यांना तिथे उभं राहून कळलं.

पालकसभेत तुम्ही आयांशी बोललात, तेही विसरता येणार नाही. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, एवढं एक वाक्य तुम्ही सगळ्यांकडून म्हणवून घेतलंत आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक प्रत्येकीच्या फोनमध्ये तिच्याच बोटांनी साठवायला लावलात. काही दिवसांनी एका विद्यार्थ्याच्या आईने असाच आलेला फोन कापला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला सांगितलं. तिच्या आवाजातला अभिमान तुम्ही ऐकायला हवा होता.

आता इथली खबर. तुम्ही गेल्यावर खोलीला कुलूप लागेल अशी धास्ती मला होती. लागलेलं नाही. शनिवारी दहावीची मुलं आठवीला शिकवतात, नियम तोच. एक मुलगा परवा आठवीच्या मुलीच्या माऊसला हात लावायला गेला, तर तिनेच त्याला थांबवलं. अॅडमिन पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात आहे, तुम्ही सांगितलं होतं तसाच. प्रत्येक दहावीच्या मुलाचा स्वतःचा ईमेल आहे, डिजिलॉकर आहे आणि फोटो ठरलेल्या केबीत बसवणं त्याला येतं. अकरावीचे ऑनलाइन फॉर्म यंदा सायबर कॅफेत पैसे देऊन भरायचे नाहीत, आपल्याच खोलीत भरायचे, असं मुलांनी ठरवलंय. पसंतिक्रम लावताना पालकही शेजारी बसणार आहेत.

निकालानंतरच्या त्या आठवड्यात सुट्टी काढून येता आलं तर जरूर या. आता स्टेशन शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तुम्हाला कामाला लावणार नाही, मुलांचं काम नुसतं बघा. तुमच्या आईवडिलांना शाळेतर्फे नमस्कार सांगा. रात्रभर जागलेल्या लेकीला शनिवारी आणखी काही तास आमच्यासाठी सोडल्याबद्दल त्यांचेही आभार मानायचे आहेत.

आपला कृतज्ञ,
दिघ्यातला एक गणित शिक्षक