पवित्र आठवडा: साताऱ्याहून पत्र

सातारा,
सोमवार रात्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

‘तुम्हा ख्रिस्ती लोकांचे ईस्टरआधीचे उपासाचे 40 दिवस म्हणजे आमचा श्रावणच ना?’ असं विचारलंस. मटण बंद असतं तेवढ्यापुरतं हो म्हण. आईने यंदा चहाही सोडलाय. वाचलेले पैसे डब्यात, तिथून दानपेटीत. दुपारी चारला मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपास सुरू होतो त्या दिवसापासून, मोजलेस तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतील. मधले 6 रविवार उपासात धरत नाहीत, कारण रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, मेल्यावर पुन्हा उठण्याचा वार.

पण या उपासाला नवस नाही. येशू रानात 40 दिवस उपाशी राहिला, त्याच्या मागून चार पावलं चालायचं, एवढंच.

मला विचारशील तर सगळं ईस्टरआधीच्या या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारच्या रात्रीत आहे. शेवटच्या भोजनाला येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नावाचा शिष्य म्हणतो, माझे नको. लोणंदला पालखीत पाय चेपायला बसलं की म्हातारा वारकरी कसा पाय ओढून घेतो, तसंच. इथे तर गुरूच खाली बसलेला! मग गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ होऊन तिघा शिष्यांना सांगतो, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात. एकदा नाही, तीनदा. आमचा अख्खा आठवडा म्हणजे त्या झोपेची भरपाई करायची धडपड आहे, असं मला वाटतं.

आणि ती तरी कुठे जमते? शुक्रवारी दुपारी 12 ते 3 उपासना, क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार. बाहेर ऊन रणरणतंय, चौथ्या वक्त्याला माझी मान कलतेच. शिष्यांना नावं कुठल्या तोंडाने ठेवायची? मध्येच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन लागलं की जाग येते. हे टिळक आपल्या साताऱ्याचेही बरं का. ‘देवाचा दरबार’ त्यांनी 1917 साली इथेच मांडला.

तो शुक्रवार येशूच्या मरणाचा, त्या दिवशी ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नकोस, बाबा. दरवर्षी कुणीतरी पाठवतंच.

शनिवारी काहीच नाही. येशू थडग्यात. आई घर झाडते, बोलत नाही.

ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणून हनुमान जयंती बहुधा आसपासच असते. 2023 ला तर ती नेमकी आमच्या गुरुवारी आली, 6 एप्रिलला.

शनिवारीच मुक्कामाला ये. पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जायचंय, बाबांच्या कबरीवर फुलं ठेवायचीत. मटण दुपारी. चहा मात्र आई पहाटेच टाकेल.

तुझा,
संजय