बाबा, बैठकीआधी तिच्या घरी जाऊन या

पुणे

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आईचा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, त्या बाईला प्रभुभोजनापासून, उपासनेतल्या त्या भाकरीपासून, दूर ठेवायचं मंडळीच्या पंचांच्या बैठकीत ठरणार आणि त्या कागदावर बाबांचीही सही घेणार, असं आई म्हणाली. बाबा, ती सही करू नका. निदान एवढ्यात तरी नको.

तिच्याविरुद्ध नेमकं आहे काय? नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली, आणि रात्री कोणीतरी तिला गाडीवरून गल्लीच्या तोंडाशी सोडतो. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी तिथे किती उशिरापर्यंत काम चालतं, हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. रोज रिक्षाला पैसे कुठून आणायचे तिने? कोण सोडतो, का सोडतो, कोणालाच ठाऊक नाही. नवरा तिला कसं वागवत होता ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेव्हा कोणी बैठक बोलावली नाही. याचा मला खरंच राग येतो.

नाताळात मी आले होते तेव्हा ती शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसलेली होती. भाकरीचं ताट फिरत तिच्यापर्यंत आलं, तिने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि काही न घेता शेजारच्या बाईकडे दिलं. शेजारच्या बाईने घेताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर करायच्या आतच ती पायऱ्या उतरून गेली. म्हणजे पंच आता जे लिहून ठेवणार आहेत, ते तिने आपण होऊन कधीच मान्य केलंय.

बाबा, तुम्ही बायबलातल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढाल हे मला माहीत आहे. मंडळीतल्यांचा न्याय मंडळीने करायचा, असं पौल म्हणतो, खरं आहे. पण करिंथात एका माणसाचं पाप उघड चाललं होतं आणि मंडळी वर फुशारकी मारत होती. आपल्याकडे फक्त ऐकीव गोष्टी आहेत. शिवाय दुसऱ्या पत्रात तोच पौल म्हणतो की झाली एवढी शिक्षा पुरे, आता त्या माणसाला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात 18व्या अध्यायात प्रभूने क्रमच घालून दिलाय: आधी एकट्याने जाऊन बोला, मग एकदोघांना बरोबर घ्या, मंडळीसमोर सगळ्यात शेवटी. आपण शेवटापासून सुरुवात केली आहे. तिच्या घरी कोण गेलं होतं?

कोणाचे दोष काढू नका म्हणजे चुकीला बरोबर म्हणा, असं मी म्हणत नाही. प्रभूनेही व्यभिचारात धरलेल्या त्या बाईला, दगड घेऊन आलेले सगळे निघून गेल्यावर, पुन्हा पाप करू नको असं सांगितलंच. मत्तयाच्या सातव्या अध्यायातसुद्धा कुसळ तसंच राहू दे असं कुठे म्हटलंय? आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला स्पष्ट दिसेल, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढता येईल, असं आहे. बाबा, चादरीच्या कारखान्यात तुमची सगळी नोकरी चेकिंगला गेली. चादर उजेडात धरायची, तुटलेला धागा दिसला की खडूची खूण करायची. ती खूण दुरुस्त करणाऱ्याला जागा सापडावी म्हणून असायची ना?

आपली मंडळी कुठून आली तेही आठवा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक सोलापूर भागात आले तेव्हा त्यांच्याजवळ आधी जे आले, त्यांत बहुतेक गावकुसाबाहेरचे. त्यांचा निवाडा गावाने त्यांच्या जन्माआधीच करून ठेवला होता. आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट तर तुम्हीच आम्हाला किती वेळा सांगितलीत! 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधल्या वर्षांत नवऱ्यावाचून राहणाऱ्या त्या बाईबद्दल लोक काय काय बोलले असतील. ज्यांना दुसऱ्यांनी तोंडावर दार लावलं, त्या आपण कोणासाठी दार लावताना दहा वेळा विचार करायला हवा.

आई, तूही बाबांबरोबर जा. एकटे बाबा गेले तर पंच चौकशीला आले असं तिला वाटेल आणि ती तोंड उघडणार नाही. पाणी सोडतात त्या दिवशी जाऊ नका, घरात भांडी भरायची धांदल असते. तिच्या आईच्या गुडघ्यांची विचारपूस कर, मुलगी कितवीत आहे ते विचार. बाकीचं तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, नाही सांगितलं तरी चालेल. निघताना प्रार्थना करा, पण बाबा, प्रार्थनेत उपदेश घालू नका.

मग बैठकीत बाबांनी एवढंच म्हणावं, मी जाऊन आलो, बाकीच्यांनीही जाऊन यावं, तोवर कागद बाजूला ठेवा. कोणी रागावलं तर रागावू दे. मी पुढच्या महिन्यात येते आहे, तेव्हा मीही तिच्याकडे जाईन. बाबांची बीपीची गोळी चुकवू देऊ नकोस, आई.

तुमची,
बेबी