सांता लुसियाच्या डोंगरांत आम्हाला शिस्तीने नेणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

डोंगरातून परतल्यावर गटातील प्रत्येकाने आपल्याला फोन करून आभार मानलेच आहेत. तरीही हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. सान फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातील बरीच मराठी मंडळी अलीकडे धनुष्यबाणाकडे वळली आहेत. त्यांतील काहींना रानडुकरांच्या शिकारीविषयी कुतूहल आहे, तर काहींच्या मनात तिच्याबद्दल अढी आहे. आपण आम्हाला ज्या शिस्तीने कॅलिफोर्नियातल्या सांता लुसिया डोंगररांगेच्या उतारांवर नेले आणि परत आणले, ती या दोन्ही प्रकारच्या वाचकांना कळावी, असे मला मनापासून वाटते.

आभाराचा पहिला मान आपल्या त्या छोट्या वहीचा आहे. उन्हाळाभर आपण तिच्यात आम्हा प्रत्येकाचे अंतर लिहीत होतात. रेंजवर आल्याबरोबर, खांदे मोकळे होण्याआधी, सरावाचा एकही बाण न सोडता, प्रत्येकाने एकच बाण कागदी ताटलीवर मारायचा आणि आपण तेवढाच नोंदवायचा, असा आपला नेम होता. त्यानंतर दिवसभर बाण कितीही नेमके लागले तरी वहीत त्यांना जागा नव्हती. थंडीत तासभर हालचाल न करता बसल्यावर जो बाण सुटतो तो नेहमी पहिलाच असतो आणि जनावराच्या वाट्याला तोच येतो, हे आपले म्हणणे होते. ज्या अंतरावरून हा पहिला बाण आठवड्यांमागून आठवडे ताटलीबाहेर जात नाही, ते त्या माणसाचे अंतर. कोणाला २० यार्ड मिळाले, कोणाला १२. माझ्या नावापुढे १६ लिहिले गेले. कंपाउंड धनुष्याला पुली असतात आणि नेम धरायला साइट असते. आमच्या लाँगबो आणि रिकर्व्ह या साध्या, पारंपरिक धनुष्यांना यांपैकी काहीच नसल्याने हा आकडा लहान असणारच, आणि त्याची लाज वाटून घेऊ नये, हेही आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत.

पण सपाट रेंजवरचे अंतर डोंगरात जसेच्या तसे चालत नाही, हे आम्हाला आपल्याकडूनच कळले. आपण फोमचे लक्ष्य उचलून टेकडीच्या उतारावर ठेवलेत आणि आम्हाला वरून, खालून, एक पाय दुमडून, कुशीला झाड घेऊन बाण मारायला लावलेत. खाली मारताना नुसता धनुष्याचा हात खाली नेला, तर खेच आखूड होते आणि बाण भलतीकडे जातो. म्हणून आधी समोर सरळ ओढायचे आणि मग कंबरेतून वाकायचे. इतक्या जवळून मारताना उतारामुळे बाणाच्या उंचीत पडणारा फरक नगण्य असतो; खरी अडचण बाण आत कुठल्या वाटेने जातो ही आहे, हे दाखवण्यासाठी आपण पुठ्ठ्याचे डुक्कर कापून त्यावर काळीज आणि फुप्फुसे रंगवली होतीत. डुकराची फुप्फुसे आपल्याला वाटतात त्यापेक्षा खाली आणि पुढे, पुढच्या पायाच्या अगदी मागे असतात. तीव्र उतारावर वरून मारलेला बाण पाठीतून शिरून एकाच फुप्फुसाला लागू शकतो, आणि एका फुप्फुसावर डुक्कर दोन दऱ्या ओलांडून जाऊ शकते. म्हणून जनावर जवळजवळ आपल्या पातळीला येईपर्यंत थांबायचे, आणि ते थोडे पाठमोरे तिरके झाल्याशिवाय दोरी ओढायची नाही, कारण जून नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखी जाड ढाल असते. हे सगळे ऐकायला सोपे वाटते. आपण ते आमच्या अंगवळणी पाडलेत.

फाळांच्या बाबतीतही आपला कटाक्ष तसाच होता. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे शिकारीच्या बाणाचा फाळ ७/८ इंच व्यासाच्या भोकातून आरपार जाता कामा नये आणि धनुष्याने असा बाण १३० यार्ड फेकला पाहिजे. हे आपण प्रत्येकाचे तपासून घेतलेत. धारेसाठी मात्र आपली कसोटी नियमापेक्षा कडक होती. रबरबँड दोन बोटांत किंचित ताणून तो फाळाच्या पात्यावर हलकेच टेकवायचा. तो दाब न देता तुटला नाही, तर बाण भात्यातून बाहेर काढून पुन्हा दगडावर. आदल्या रात्री बंकहाउसच्या लांब टेबलावर आम्ही सगळे मान खाली घालून धार लावत होतो आणि आपण एकेक रबरबँड घेऊन फिरत होतात, ते मला आजही दिसते.

ज्यांनी हा प्रदेश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते. सांता लुसियाची रांग मॉन्टेरेच्या दक्षिणेला समुद्राला लागूनच उभी राहते. तिच्यातले कोन पीक हे शिखर समुद्रापासून जेमतेम ३ मैलांवर ५,१५५ फुटांपर्यंत चढते. सह्याद्रीत फिरलेल्यांना घसारा आणि निमुळत्या सोंडा ओळखीच्या वाटतील, पण इथल्या घळींत शमीझ आणि मॅन्झानिटाची झुडपे इतकी दाट असतात की डुकरे ज्या बोगद्यांतून पळतात त्यांतून माणसाला रांगावे लागते. त्यातच पॉइझन ओक. आपल्याकडच्या बिब्ब्याच्याच कुळातली ही वनस्पती तसेच फोड उठवते, आणि नोव्हेंबरात पाने झडल्यावर नुसत्या काड्या ओळखता आल्या नाहीत तर ती हमखास लागते. आपण आम्हाला त्या काड्या एकेक करून ओळखायला लावल्यात. गटातल्या एकालाही फोड आले नाहीत, त्याचे श्रेय आपले आहे.

ही डुकरे मूळची इथली नाहीत. मोहिमेवर जाताना आपण गाडी सान अंतोनियोच्या मिशनपाशी थांबवलीत. १७७१ साली स्थापन झालेल्या त्या जागेसमोर उभे राहून आपण सांगितलेत, की स्पॅनिश वसाहतींनी आणलेली पाळीव डुकरे रानात सुटली, आणि १९२० च्या दशकात मॉन्टेरे परगण्यात शिकारीसाठी युरोपियन रानडुकरे सोडली गेल्यावर दोन्हींची संतती या डोंगरांत पसरली. ती ओकची फळे संपवतात, ओढ्यांचे काठ उकरतात आणि गवताळ उतार नांगरल्यासारखे उलथे करून ठेवतात. १ जुलै २०२४ पासून राज्याने प्रत्येक डुकरामागे घ्यावा लागणारा वेगळा टॅग रद्द करून परवान्यासोबत एकच मान्यता पुरेशी केली, त्यामागेही हेच कारण आहे. भारतातली गोष्ट वेगळी आहे. तिथे रानडुक्कर मूळचे आहे आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. गावाकडच्या पारधीच्या गोष्टी ऐकून इथे येणाऱ्यांना आपण हा फरक आवर्जून समजावता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

डोंगरात आपण हाका घालू दिला नाहीत. दोघादोघांची जोडी, प्रत्येक जोडीला स्वतंत्र घळ, मधली सोंड कोणी ओलांडायची नाही, आणि ठरल्या वेळी रेडिओवर हजेरी. त्यामुळे कोणाचाही बाण दुसऱ्याच्या दिशेने जाण्याचा प्रश्नच उरला नाही. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापले की तीच वर चढू लागते, आणि या दोहोंच्या मधल्या अर्ध्या तासात वारा कोणाचाच नसतो. त्या वेळात हलायचे नाही, हा आपला नियम होता. डुकराची नजर अधू असते. नाकाला मात्र तोड नाही. टाल्कमच्या छोट्या बाटलीतून भुकटीचा फुगारा सोडून आपण तो पालट आम्हाला डोळ्यांनी दाखवलात.

दुसऱ्या सकाळी ओकच्या झाडाखाली एक चांगली पोसलेली मादी माझ्यासमोर तिरकी उभी राहिली. वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता, तिची मान खाली होती. मधला खडक मी आधीच मोजून ठेवला होता आणि ती त्याच्या पलीकडे, २२ यार्डांच्या आसपास होती. मी दोरीला बोटेही लावली नाहीत. ती खात खात वर निघून गेली, आणि मला रुखरुख अशी वाटलीच नाही, कारण तो निर्णय मला तिथे घ्यावाच लागला नाही. तो उन्हाळ्यात वहीत लिहून झाला होता. काका, याबद्दल मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे. मोहाच्या क्षणी माणसाने शहाणपणाने वागावे, अशी अपेक्षा सगळेच करतात; आपण तो क्षण येण्याआधीच आमच्या हातून ते काम करून घेतलेत.

त्याच दिवशी दुपारी गटातल्या सर्वांत तरुण मुलाने १२ यार्डांच्या आत एका नरावर बाण सोडला. बाण लागला होता, तरीही आपण अर्धा तास कोणालाही जागेवरून हलू दिले नाहीत. नंतर माग घेताना आम्हाला समजले, की डुकराच्या जखमेचे तोंड चरबी बुजवून टाकते आणि उरलेले रक्त दाट केस शोषून घेतात, त्यामुळे जमिनीवर फारच थोडे पडते. आपण प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवायला सांगितलात. माग तुटला तेव्हा मागे वळून त्या पांढऱ्या तुकड्यांची रेघ पाहिली, आणि ती सरळ ओढ्याकडे रोख धरून होती. शेवटचा ठिपका एका वाळलेल्या ओकपानाच्या खालच्या बाजूला होता. आपण गुडघ्यांवर बसून ते पान उलटलेत, म्हणून तो दिसला. नर ओढ्यात, मॅन्झानिटाच्या मुळांशी पडलेला होता. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला होता. तो मुलगा तिथेच बसून राहिला, आणि तो बोलता होईपर्यंत आपण त्याच्याजवळ बसलात. आम्हा बाकीच्यांना आपण काहीच काम सांगितले नाहीत, त्याचा अर्थ आम्हाला समजला.

त्यानंतरची मेहनत आठवली की खांदे अजून दुखतात. जनावराकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाच्या धोक्यामुळे हातमोज्यांशिवाय कोणी जनावराला हात लावायचा नाही, चाकू एकाने दुसऱ्याकडे टोक करून द्यायचा नाही, मांस लगेच सावलीत टांगून गार करायचे, हे सगळे आपण दिवस मावळत असताना, एकही पायरी न गाळता करून घेतलेत. अंधारात हेडलॅम्पच्या उजेडात तो चढ आम्ही वाटे पाठीवर घेऊन चढलो आणि सर्वांत मागे आपण होतात, कारण घसाऱ्यावरून घसरणारा माणूस मागच्याला दिसतो. घरी नेलेल्या वाट्याबरोबर आपण हाताने लिहिलेली चिठ्ठीही होती: आतून ७१ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय खाऊ नये.

मागे उरलेली आतडी उघड्या उतारावर ठेवताना आपण सांगितलेली गोष्ट मी घरी मुलांना सांगितली. १९८७ मध्ये मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या कॅलिफोर्निया कॉन्डोर या प्रचंड गिधाडांपैकी शेवटचा मोकळा पक्षीही पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेण्यात आला होता. १९९७ पासून ते याच डोंगरांच्या किनाऱ्यावर, बिग सरच्या आकाशात पुन्हा सोडले जाऊ लागले. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांचे कण अशा अवशेषांतून त्यांच्या पोटात जाऊन विषबाधा होत असे, म्हणून राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. आमच्या बाणांत शिसे नव्हतेच.

रँचच्या मालकांनी विश्वासाने फाटक उघडून दिले आणि काकूंनी पहाटेच्या शिदोरीसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, त्यांचेही आभार आम्हा सर्वांच्या वतीने आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत.

एक विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात नवीन मंडळी येतील, तेव्हा लक्ष्य उचलून टेकडीवर नेण्याचे आणि पहिला बाण पाहण्याचे काम आमच्यापैकी दोघांकडे द्यावे. आपण वही घेऊन सावलीत बसावे आणि आकडे आपल्याच हाताने लिहावेत. माझे १६ यार्डही तेव्हा पुन्हा तपासून घ्यावेत; वर्षभरात ते कमी झाले असतील, तर तेच लिहावे.

आपली कृतज्ञ,
गटातील एक धनुर्धर