रिकामा सापळा आणि पतंगाचे नाक

महोदय,

गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या कृत्रिम गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे लावावेत, हा सल्ला आपल्या दैनिकात दर पावसाळ्यात प्रसिद्ध होतो आणि तो योग्यच आहे. मात्र सापळ्यात ल्युर (गंधाचे आमिष) कोणत्या किडीचा घालायचा, याचा उल्लेख त्यात अनेकदा नसतो, आणि सारे काही अवलंबून असते ते त्यावरच.

गेल्या हंगामात माझ्या शेजाऱ्यांनी एकरी दोन या हिशेबाने सापळे लावले. सापळे जवळजवळ रिकामेच राहिल्याने शेजारी निर्धास्त होते. पुढे फुलोऱ्यात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले दिसू लागली, तेव्हा त्यांनी ल्युरचे पाकीट मला आणून दाखवले. त्यावर ठळक अक्षरांत ‘बोंडअळीसाठी’ एवढेच होते. बारीक छपाईतले शास्त्रीय नाव हिरव्या बोंडअळीचे, म्हणजे हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे निघाले. चूक दुकानदाराची की पाकीट छापणाऱ्याची, हे मला ठाऊक नाही. शेजाऱ्यांची मात्र खचितच नव्हती.

पतंगाचे नाक म्हणजे त्याच्या मिशा. त्यांवरील सूक्ष्म केसांत गंध ओळखणारी ग्राही प्रथिने असतात आणि ती कशी घडवायची, हे जनुकांत लिहिलेले असते. (जनुक म्हटले की आपल्याकडे चर्चा लगेच बीटी बियाण्याकडे वळते, येथे प्रश्न किडीच्या स्वतःच्या जनुकांचा आहे.) गंधग्राहींची ही जनुके फळमाशीत १९९९ मध्ये सापडली आणि रेशमाच्या नर पतंगाला मादीचा गंध ओळखू देणारे जनुक २००४ मध्ये. ‘ऑर्को’ नावाचे सहग्राही बहुतेक कीटकांत जवळपास सारखेच असते, पण त्याच्या जोडीने काम करणारे ग्राही जातीजातींत वेगळे असतात. हिरव्या बोंडअळीच्या मादीच्या गंधातला मुख्य घटक सोळा कार्बनच्या साखळीचा आल्डिहाइड आहे. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंधही सोळा कार्बनच्याच साखळीचा, पण टोकाला ॲसिटेट असलेला, आणि त्याची दोन रूपे साधारण समप्रमाणात मिसळलेली. एवढ्या फरकाने गुलाबी बोंडअळीचा नर दुसऱ्या ल्युरकडे ढुंकूनही पाहत नाही.

ल्युरच्या शुद्धतेचा प्रश्नही याच जनुकांशी जोडलेला आहे. हिरव्या बोंडअळीच्या अपक्व मादीच्या गंधात एक अल्कोहोल असते आणि ते हुंगताच नर माघारी फिरतो. चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये हे अल्कोहोल ओळखणारे जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी केले, तेव्हा ते नर अपक्व माद्यांशीही मीलन करू लागले आणि त्यातून झालेली अंडी निकृष्ट निघाली. म्हणजेच ल्युर बनवताना असा घटक प्रमाणाबाहेर राहिला, तर जातीचे नाव बरोबर असूनही सापळा नराला बोलावण्याऐवजी परतवून लावील.

सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ ते १० पतंग आढळले की उपाययोजना करावी, असा निकष शेतकऱ्यांना सांगितला जातो. ल्युर चुकीचा किंवा निकृष्ट असेल तर हा आकडा कधीच गाठला जाणार नाही आणि अळी बोंडात शिरेपर्यंत फवारणी लांबत जाईल. सापळाच नसता तर शेजाऱ्यांनी निदान रोज फुले तरी उकलून पाहिली असती.

म्हणून ल्युरच्या पाकिटावर किडीचे मराठी नाव, उत्पादनाची तारीख आणि ल्युर किती दिवसांनी बदलायचा, हे ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. तसेच बियाणे व खतांप्रमाणे ल्युरचेही नमुने कृषी विभागाने तपासावेत. आपणही कृषी सल्ल्यात नुसते ‘कामगंध सापळे’ न लिहिता ‘गुलाबी बोंडअळीचा ल्युर, म्हणजे गॉसिप्लुर’ असा स्पष्ट उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक व निवृत्त विज्ञान शिक्षक,
यवतमाळ जिल्हा