मामा, कुकर अजूनही घाईनं उघडत नाही

मामा,

३१ मेला तुम्ही निवृत्त होताय असं कळलं. समारंभात बोलायला पाच मिनिटं मिळतील आणि त्यात हे मावायचं नाही, म्हणून पत्र लिहितेय.

माणदेशातलं आपलं छोटं कॉलेज. टीवायला मायक्रोबायोलॉजीचे आम्ही अकरा जण. शिकवणारे तासिका तत्त्वावर. मनापासून शिकवायचे, पण यंदाचे सर पुढच्या जूनमध्ये असतीलच याचा भरवसा नसायचा. तिन्ही वर्षं लॅबमध्ये कायम होतात ते तुम्हीच. तुमच्या नेमणुकीच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' असेल, पण माझं निम्मं प्रॅक्टिकल तुम्ही शिकवलंत.

ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारायच्या यंत्राची, कॉइल जळाली ते वर्ष आपण घरगुती कुकरवर काढलं. "आधी वाफेची सलग धार येऊ दे, मग शिट्टी बसव. आत हवा राहिली की भांडं तापतं, पण जंतू मरत न्हाईत." १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं हे पुस्तकात होतं. हवेचं तुम्ही सांगितलंत. एकदा शेवटची एसटी गाठायच्या घाईत मी दाब उतरायच्या आधीच शिट्टी उचलली. फ्लास्कमधलं जंतू वाढवायचं माध्यम उसळून कापसाच्या बोळ्यातून बाहेर आलं. माध्यम घट्ट करणारं अगर किती महाग, आणि आपल्याकडे अर्धी बाटली उरलेली! मला रडू फुटलं. तुम्ही फडकं घेऊन ओटा पुसलात, तराजू काढलात आणि म्हणालात, "पुन्हा वजन कर. एसटीचं मी बघतो." त्या संध्याकाळी तुमच्या सायकलवर डबलसीट घरी गेले.

डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रात वाफ थंड करून बाहेर पडणारं पाणी तुम्ही बादल्यांत धरायचात आणि त्यात काचेची भांडी धुवायचात. दुष्काळी भागातल्या लॅबला ते कुणी शिकवावं लागत नाही, पण रोज ते करणारे तुम्हीच होतात.

हे अगर १८८१मध्ये जर्मनीत फॅनी हेसे यांनी सुचवलं. उन्हाळ्यातही न वितळणाऱ्या जेलीसाठी त्या ते स्वयंपाकघरात वापरत. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या १८८२च्या लेखात अगर आहे, फॅनींचं नाव नाही. आमच्या एकाही जर्नलवर तुमचं नाव नव्हतं. मला ते तेव्हा खटकलंही नाही, याचं आज वाईट वाटतं.

आता पुण्यात एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये कल्चर, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातून वाढवलेले जंतू, बघते. जंतूंचे गट रंगानं ओळखायचा ग्रॅम स्टेन करताना अल्कोहोल ओतलं की तुमचाच आवाज येतो: "जांभळं ओघळायचं थांबलं, धू लगेच." क्षणभर जास्त झालं तर जांभळेच राहायला हवेत ते ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूही लाल दिसतात, आणि समोर खरा पेशंट असतो.

एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. रंग तुम्ही नुसत्या नजरेनं ओळखायचात, पण तीन वर्षांत तुम्हाला मायक्रोस्कोपला डोळा लावलेलं मी पाहिलं नाही. आमच्यापैकी कुणी "मामा, बघा" म्हणालंच नाही.

३१ तारखेला सकाळी लवकर येते. घरचं दही आणते, स्लाइड मी करते. लॅबची किल्ली तेवढी जमा करू नका.

तुमची,
टीवायची शेवटच्या एसटीवाली