मोटर हवा घेते तेव्हा

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर ती मोटर दाखवली, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. बोलायला लागलो की तू "समजलं बाबा, समजलं" करते, म्हणून लिहितो. इथं वरुडकडं 45 डिग्री तापते आहे, दुपारभर काम नाही. अन् तुमच्या मिनेसोटात मे महिन्यात आत्ता कुठं टाक्यावरचं झाकण निघालं! (स्विमिंग पूल म्हणू का? माझ्या तोंडी टाकंच बसते.)

आधी मोटरचा तो स्विच, करंट गळला की आपोआप पडणारा. दोनदा पडला अन् दोनदा तू चढवला. तसं करू नको. बस, एवढंच सांगतो, पुन्हा नाही काढणार.

आता कामाचं. मोटरवरच्या जाळीच्या डब्यात बुडबुडे म्हणजे मोटर हवा घेते. ओढणाऱ्या बाजूला कुठंतरी फट आहे, मोटर पाणी बाहेर टाकते त्या बाजूला शोधू नको. आधी डब्याच्या झाकणाचं रबरी कडं पाहा. वाळून चिरलं असेल तं बदल. चांगलं असेल तं सिलिकॉनचं ग्रीस लाव, व्हॅसलिन नको, रबर खराब होते. मग निचऱ्याचं बूच, मग युनियन, म्हणजे पाइपाचा फिरवून उघडायचा सांधा. सांध्यावर साबणाचा फेस थापायचा. जिथं फेस आत ओढला जाईल, तिथं फट.

तुला हे मी काय शिकवू? चौथीत होतीस. विहिरीवरची मोटर पाणी सोडायची, मी पाना आणायला घरी गेलो, तोवर तू सक्शनच्या सांध्यावर शेणाचा गोळा थापून वरून घागर ओतली होती. परत येतो तं धार लागलेली. फ्रॉक शेणानं भरला म्हणून आईनं तुला अन् मला, दोघांनाही धुतलं. तू आता एकटीनं अख्खा पंप खोलला, हे मी पारावर सांगितलं. दोनदा सांगितलं असेल.

टाक्यातलं पाणी उतरते त्याचं असं. पायरीवर बादली भरून ठेव, आत-बाहेर खूण कर. बादलीइतकंच उतरलं तं ते उडून गेलं. टाक्यातलं जास्त उतरलं तं गळती. एक दिवस मोटर बंद ठेवून मोज, एक दिवस चालू ठेवून. चालू असताना जास्त गेलं तं पाणी परत आणणारा पाइप पाहा. अन् पाणी उतरत उतरत टाक्याच्या काठातल्या, कचरा ओढणाऱ्या जाळीच्या तोंडाशी थांबलं, तं चीर तिथंच. खाण्याच्या रंगाचा थेंब तिथं सोड, आत खेचला जाईल.

मला वाटते थंडीचंच काम आहे. पाण्याचं बर्फ झालं की ते नऊएक टक्के फुगते. आईनं फ्रीजरमध्ये काचेची बाटली ठेवली होती, सकाळी बुडाचा तुकडा वेगळा अन् बर्फ बाटलीसारखा उभा. तुमच्याकडं घराचा पाया साडेतीन फुटांखाली नेतात म्हणतेस. हा पाइप तं त्याच्या बराच वर. जावयांनी हिवाळ्याआधी हवेनं पाइप फुंकले खरे, पण एखाद्या बाकात पाणी राहिलं असेल. या खेपेला बुचं मारायच्या आधी पाइपात पूलचं अँटिफ्रीझ घाला. गाडीतलं मुळीच नाही, ते विषारी.

पण हे सगळं तो स्विच खाली ओढून. तो उगाच पडत नाही मंजू. आपल्याकडचा 30 मिलिअँपिअरला पडते, तुमचा 5च्या आसपास. म्हणजे तिथं थोडाच करंट गळते अन् तो पडते. मोटरमध्ये पाणी शिरलं असेल, वायर कुरतडली असेल. इलेक्ट्रिशियन महाग आहे म्हणालीस. पैसे मी पाठवतो. हसू नको, संत्रा बरा गेला यंदा.

विनूकाकाचं तुला आठवत नसेल, तू तीन वर्षांची होतीस. त्या रात्री लाइन दोनला आली होती. फ्यूज राहत नव्हता म्हणून त्यानं जाड तार टाकली होती. मीच दिली होती तार.

भाषण झालं. माफ कर. तू शहाणी आहेस, मला माहीत आहे.

आज लाइन रात्री साडेबाराला आहे, ओलिताला जायचं आहे. रबरी बूट घालून जाते का बाबा, हे तेवढं आईला विचारू नको.

तुझा,
बाबा