कांचनजुंगा मोहीम : वाटेबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कांचनजुंगासाठी (८,५८६ मीटर) आपण नेपाळमधून नैऋत्य बाजूनेच जाणार आहोत. १९५५ ची पहिली चढाईही याच बाजूने झाली. सिक्कीमकडून चढाईला बंदी आहे, तेव्हा तो विषय पुन्हा काढू नये.

ताप्लेजुंगहून त्सेराम, रामचेमार्गे यालुंग हिमनदी गाठायची. पुढे हिमनदीवरच्या दगडमातीच्या ढिगांवरून चालावे लागते. धोंडे पायाखाली हलतात. घोटा धरून ठेवणारेच बूट आणावेत. घुन्सा–पांगपेमा ही वाट उत्तरेकडच्या तळाकडे (बेस कॅम्प) जाते, नकाशात गल्लत नको. माथ्याखालच्या खडकाळ भागात चुकीच्या घळीत शिरण्याचा धोका खरा आहे.

सिक्कीमचे लोक हे शिखर पवित्र मानतात, म्हणून माथ्याच्या काही पावले खाली थांबण्याची प्रथा आपण पाळणार. यावर चर्चा नाही.

परवान्यासाठी पासपोर्टची प्रत व फोटो रविवारपर्यंत द्यावेत.